शुभंकर : एक शब्द आणि एक ओझे

भाषेत एखादा नवा शब्द रूढ होऊ लागला म्हणजे त्याच्या पाठीशी समाजाची कोणती तरी अडलेली गरज उभी असते. गेल्या काही दशकांत पुण्या-ठाण्याकडील मानसिक आरोग्याच्या चळवळीतून असाच एक शब्द मराठीत आला आहे. मनोविकाराने ग्रासलेल्या मनुष्यास ‘शुभार्थी’ म्हणावे आणि घरी राहून त्याची काळजी वाहणाऱ्या आप्तास ‘शुभंकर’ म्हणावे, असा हा नवा प्रघात आहे. शब्द सुंदर आहे, सुसंस्कृत आहे, आणि ज्यांनी तो योजिला त्यांच्या हेतूविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. तथापि शब्दाची परीक्षा केवळ त्याच्या नादावरून होत नसते. तो कोणाच्या कोणत्या दुःखास वाचा देतो, हेही पाहावे लागते. मराठी रंगभूमीने व चित्रपटाने या शुभंकराचे चित्र कसे रेखाटले, आणि कर्जत-खालापूरसारख्या डोंगराळ मुलखात त्याच्या वाट्यास प्रत्यक्ष काय येते, या दोन कसोट्यांवर त्या शब्दास घासून पाहण्याचा आमचा विचार आहे.

मनोविकारी मनुष्यासाठी आमच्या भाषेत शब्दांचा दुष्काळ कधीच नव्हता. वेडा, खुळा, भ्रमिष्ट, चळलेला, झपाटलेला अशी लांबलचक नामावळी घरोघरी पाठ असे. पण त्याच्या उशाशी रात्र रात्र जागणारी आई, तो घराबाहेर पडला की त्याच्या मागोमाग हिंडणारा भाऊ, त्याच्या मुठीत गोळी ठेवून ती गिळली की नाही हे पाहत बसणारी पत्नी, यांना काय म्हणावे? त्यांच्यासाठी शब्दच नव्हता. वेड्यास निदान शिवी तरी होती. त्याला सांभाळणाऱ्यास तीही नव्हती. कारण उघड आहे. आई, बायको, बहीण या नात्यांच्या नावांतच ते काम गृहीत धरलेले होते, आणि जे गृहीत धरले जाते त्यास वेगळे नाव ठेवण्याचे कोणास सुचत नाही. ‘शुभंकर’ या शब्दाने ते काम नात्यापासून निराळे काढून दाखविले, हा त्याचा पहिला आणि मोठा गुण होय. पण त्याच्यातील धोकाही येथेच आहे. शुभंकर म्हणजे शुभ करणारा, मांगल्य आणणारा. क्रीडास्पर्धांच्या मंगलचिन्हासही आपण हल्ली हाच शब्द लावतो. मंगलचिन्हाने सर्वांस शुभ द्यावे अशी अपेक्षा असते. त्याला स्वतःला काय हवे, हे कोणी विचारीत नाही. माणसाच्या बाबतीतही तसेच होईल, ही आमची चिंता. आणि ती निराधार नाही हे आमच्या वाङ्मयाचा इतिहासच सांगतो.

गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ साली, त्यांच्या निधनानंतर रंगभूमीवर आले. व्यसन हाही मनोविकारच होय, हे आज वैद्यकास मान्य असल्यामुळे सिंधूस मराठी रंगभूमीवरील सर्वांत प्रसिद्ध शुभंकर म्हणावयास हरकत नाही. सुधाकर दारूच्या आहारी जातो. सिंधू दळणे दळून संसार चालविते. भाऊ पद्माकर तिला माहेरी नेऊ पाहतो, तर ती नकार देते. आणि अखेर ज्याच्या हातून तिचा घात झाला त्या पतीस वाचविण्याकरिता मरतेवेळी खोटी जबानीही देते. बालगंधर्वांच्या मुखातून हे दुःख ऐकून महाराष्ट्राच्या किती पिढ्या रडल्या असतील! गडकऱ्यांच्या प्रतिभेविषयी आमचा आदर कमी नाही. परंतु त्या अश्रूंचे पुढे काय झाले, हे विचारण्याचा अधिकार टीकाकारास आहे. सिंधूला देवी करून प्रेक्षक घरी गेला. तिला त्या घरात एकटीने राहावे लागू नये यासाठी काय करता आले असते, हा प्रश्न त्याच्या मनात उठला नाही. कारण ज्या दुःखाची पूजा बांधली जाते ते दूर करण्याची घाई कोणास नसते. त्याच नाटकातील गीता मात्र दारुड्या तळीरामापुढे गप्प बसत नाही, फटकळपणे बोलते. पण तिला हास्याच्या बाजूस बसविले गेले. सोसणारी ती नायिका आणि बोलणारी ती विनोदाची धनीण, ही वाटणी मराठी मनात खोल रुजली आहे.

पन्नास वर्षांनी, १९७० साली, कुसुमाग्रजांचे ‘नटसम्राट’ आले. बेलवलकरांचे भ्रमाकडे झुकणारे वार्धक्य हा त्याचा विषय, आणि ‘किंग लिअर’ची छाया त्यावर उघड आहे. येथे सांभाळणाऱ्यांचे दुसरे चित्र दिसते. पत्नी कावेरी ही सिंधूच्याच कुळातील; मुलगा व मुलगी मात्र अपराध्याच्या पिंजऱ्यात उभी. सांभाळणारा एक तर संत असतो, नाही तर कृतघ्न असतो. या दोहोंच्या मध्ये कोठे तरी खरा माणूस असतो. त्याचे प्रेमही खरे असते आणि त्याचा कंटाळाही खरा असतो. त्याच्यासाठी रंगमंचावर जागा नव्हती. बेघर नटसम्राटास शेवटी आसरा देतो तो बूटपॉलिश करणारा एक पोरगा. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याकडे आम्हांस पुन्हा वळावयाचे आहे.

तो खरा माणूस मराठी पडद्यावर आणण्याचे श्रेय सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर या दिग्दर्शकद्वयास द्यावे लागेल. ‘देवराई’ (२००४) हा त्यांचा चित्रपट स्किझोफ्रेनिया या विकारासंबंधी आहे. कॅनडातील कॅलगरी येथे संख्याशास्त्राचे अध्यापन करणारे जगन्नाथ वाणी यांनी, स्वतःच्या घरात या आजाराशी दीर्घकाळ झुंजल्यावर, पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी केली, आणि त्यांच्याच पुढाकारातून हा चित्रपट निर्माण झाला. कोकणातल्या देवराईच्या ध्यासात हरवलेला शेष अतुल कुलकर्णी यांनी रंगविला आहे, आणि त्याची बहीण सीना सोनाली कुलकर्णी यांनी. चित्रपटाची चर्चा बहुधा शेषविषयीच होते. आमच्या मते मात्र या कलाकृतीचे नवेपण सीनेत आहे. भावास ती आपल्या शहरातील घरी आणते, आणि त्या क्षणापासून आजार एका माणसाचा न राहता सगळ्या घराचा होतो. ती प्रेम करते आणि थकतेही. तिचे मन भाऊ आणि संसार यांच्यामध्ये ओढले जाते. पण या ओढाताणीसाठी चित्रपट तिला शिक्षा करीत नाही, आणि तिला मखरातही बसवीत नाही. सिंधूपासून सीनेपर्यंत मराठी कलेने जे अंतर कापले, ते आम्हांस एखाद्या मोठ्या सामाजिक सुधारणेइतके मोलाचे वाटते.

याच दिग्दर्शकांचा ‘अस्तु’ (२०१३) हा त्यापुढचा टप्पा होय. स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले संस्कृतचे पंडित चक्रपाणी शास्त्री हे हत्तीच्या मागे चालत जातात आणि हरवतात. मोहन आगाशे यांनी ही भूमिका केली आहे. मुलगी इरा शहरभर त्यांचा शोध घेते. इकडे माहुताची बायको चन्नम्मा त्या अनोळखी वृद्धाला लेकरासारखे जेवू घालते. अमृता सुभाष यांची चन्नम्मा पाहून कोणाचेही मन द्रवेल. परंतु द्रवलेल्या मनाने थोडा विचारही करावा. बेलवलकरांना बूटपॉलिशवाला पोरगा भेटतो, शास्त्रीबुवांना चन्नम्मा भेटते. सांभाळणाऱ्यांच्या हातून जे निसटते ते कोणी तरी परका, दैवयोगाने, झेलतो. आमच्या नाटककारांस व दिग्दर्शकांस परक्याची माया सहज सुचते. परक्याची नेमून दिलेली, पगारी, रोजची व्यवस्था मात्र काव्यविषय वाटत नाही. संस्था म्हटली की आमच्या कथेत ती घरच्यांनी हात झटकल्याची खूण होऊन येते, किंवा वेड्यांच्या इस्पितळाच्या रूपाने फार्सात विनोद पुरविते. मदत दैवाने येते, व्यवस्थेने येत नाही, अशी शिकवण नकळत आमच्या कलेने आम्हांस दिली आहे. आमच्या टीकेचा मुख्य रोख या शिकवणीवर आहे.

दैवयोगाची व्यवस्था कशी करता येते याचे प्रत्यक्ष उदाहरण पाहावयाचे तर रंगमंच सोडून कर्जतकडे वळावे. कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्याचे सह्याद्रीस टेकलेले, समुद्रापासून आत असलेले तालुके. कर्जतजवळचे वेणगाव हे नानासाहेब पेशव्यांचे जन्मगाव. १८५७ च्या बंडानंतर नेपाळच्या तराईत जो पुरुष दिसेनासा झाला आणि ज्याचा शेवट इतिहासासही निश्चित सांगता आला नाही, तो येथला. त्याच वेणगावात २००६ पासून हरवलेल्या माणसांना घरी पोचविण्याचे काम चालावे, हा योगायोग विलक्षण आहे. डॉ. भरत वाटवानी व डॉ. स्मिता वाटवानी या दांपत्याने १९८८ साली मुंबईत ‘श्रद्धा’ ही संस्था सुरू केली. त्याचे मूळ एका दृश्यात होते. रस्त्याकडेला एक तरुण नारळाच्या करवंटीने गटाराचे पाणी पीत होता. त्याला दवाखान्यात आणून उपचार केल्यावर तो आंध्रातील एका सुशिक्षित घरचा पदवीधर निघाला. येथवर ही चन्नम्माचीच गोष्ट झाली. पण वाटवानी दांपत्याने ती एका प्रसंगावर संपविली नाही. रस्त्यावरील मनोरुग्णास आणावे, न्हाऊ घालावे, औषध द्यावे, तो बोलू लागला म्हणजे त्याची भाषा ओळखावी, तुटक आठवणींतून गाव शोधावे आणि सोबत माणूस देऊन त्यास घरी पोचवावे, असा क्रमच त्यांनी घालून दिला. या मार्गाने हजारो माणसे देशाच्या कानाकोपऱ्यांतील आपल्या घरी गेली. २०१८ साली डॉ. भरत वाटवानी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा वेणगावचे नाव जगापुढे आले.

या कार्याविषयी आमच्या मनात आदराखेरीज दुसरी भावना नाही. त्या आदरापोटीच एक प्रश्न विचारावासा वाटतो. हरवलेला मुलगा परत आला, आईने त्यास पोटाशी धरले, गाव गोळा झाले. तेथे वर्तमानपत्रातील बातमी संपते. दुसऱ्या दिवशी सकाळपासून काय होते? औषधाची गोळी रोज कोणी द्यावयाची? ‘मी बरा आहे, मला नको’ असे तो म्हणाला तर काय बोलावयाचे? शेजारी कुजबुजले, भावाचे लग्न अडले, त्याच्याकडे लक्ष देता देता आईची मजुरी बुडाली, तर कोणाकडे जावयाचे? माणूस घरी पोचतो तेथे संस्थेचे काम पुष्कळसे पुरे होते आणि शुभंकराचे काम सुरू होते. आणि जो कधी हरवलाच नाही, जो वर्षानुवर्षे घरीच आहे, त्याची आई तर कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. रस्त्यावरचा रोगी निदान दिसतो. दाराआडचा रोगी आणि त्याच्यासोबत दाराआड झालेली आई यांना पाहणार कोण?

हा केवळ करुणेचा प्रश्न नसून वैद्यकाचाही आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन व त्यांचे सहकारी यांनी विसाव्या शतकाच्या मध्यानंतर केलेल्या अभ्यासांतून असे दिसून आले की, ज्या घरात रोग्यावर सतत टीका व राग होतो, किंवा काळजीपोटी त्याला क्षणभरही मोकळे सोडले जात नाही, तेथे आजार उलटण्याचे प्रमाण अधिक असते. याचा अर्थ आप्त दोषी आहेत असा काढणे अन्यायाचे होईल. थकलेल्या माणसाचा आवाज चढतो, भ्यालेल्या माणसाची पकड घट्ट होते. आप्तांस आजार समजावून द्या, त्यांस विसावा द्या, म्हणजे रोग्यासही गुण येतो, असे पुढील संशोधनाने दाखविले. आमच्याच देशात हे सूत्र कृतीत आणले गेले होते. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० नंतरच्या दशकात आवारात तंबू ठोकून रोग्यांच्या नातलगांस जवळ राहविले, त्यांना उपचारांत सहभागी करून घेतले. महाराष्ट्रातही १९८६ साली पुण्यात सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनींच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालविला. गडकऱ्यांच्या सिंधूस जे मिळाले नाही ते हेच होय: आपल्यासारख्या चार जणींत बसून, देवी होण्याची जबाबदारी खाली ठेवून, ‘मला आता सोसवत नाही’ असे म्हणण्याची मुभा.

या बाबतीत कायद्याची भाषाही पालटली आहे, आणि वाङ्मयाप्रमाणे कायद्याचेही वाचन टीकाकाराने करावे असे आमचे मत आहे. १९१२ च्या कायद्याच्या नावातच ‘वेड’ होते, आणि नातलग त्यात मुख्यतः रोग्यास वेड्यांच्या इस्पितळात ठेवून घ्यावे म्हणून अर्ज करणारा, असा येतो. १९८७ च्या कायद्याने जुने नाव टाकले. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून अमलात आला, आणि त्याच्या अठराव्या कलमात शासनाने पुरवावयाच्या सेवा सांगताना रोग्याच्या कुटुंबास आधार देणाऱ्या सेवा व घरच्या घरी पुनर्वसन यांचा स्पष्ट उल्लेख आला. शंभर वर्षांत नातलग अर्जदाराचा हक्कदार झाला! या एका ओळीत आम्हांस अनेक नाटकांहून अधिक क्रांती दिसते. परंतु कायद्यातील ओळ आणि गावातील पायवाट यांमध्ये अजून डोंगर उभा आहे.

तो डोंगर कर्जत-खालापुरात अलंकारिक नाही, खराखुरा आहे. रायगडचे जिल्हा रुग्णालय अलिबागला, समुद्रकाठी. कर्जतच्या माणसास खोपोली, पेण ओलांडून तेथे जावे लागते. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचे. तेथे लोकल गाडी थेट जाते खरी, पण कर्जत स्थानकापासून सुमारे पासष्ट किलोमीटर, आणि स्थानकापर्यंत पोचणे हा निराळाच प्रवास. डोंगरावरच्या ठाकूरवाडीतून उतरून, ज्यास गर्दीचे भय वाटते अशा मुलाला गाडीत बसवून न्यावयाचे आणि संध्याकाळी परत आणावयाचे, म्हणजे दोघांची मजुरी गेली. पावसाळा सरला की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. मग औषधाची चिठ्ठी एका गावी आणि माणूस दुसऱ्या गावी. अशा वेळी जवळचा भगत सोयीचा वाटला, तर त्यास अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणे फार सोपे आहे. भगत रात्री येतो, घरच्या सगळ्यांसमोर बसतो, आईचे बोलणे ऐकून घेतो. आजाराचे त्याचे निदान चुकीचे असेल. पण घरच्यांस सोबत लागते हे त्याला कळलेले असते. आरोग्यव्यवस्थेने त्याच्याकडून एवढे तरी शिकावे. २०२२ पासून ‘टेलिमानस’ या योजनेत १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीने विनामूल्य सल्ला मिळतो. शुभंकरासही तो मिळू शकतो, आणि ही सोय मोलाची आहे. पण दूरध्वनी दोन दिवस घर सांभाळू शकत नाही.

मग हवे आहे तरी काय? महिन्यातून एक ठरलेला दिवस, त्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात मनोविकारांची औषधे आणि आप्तांशी बोलणारा जाणता माणूस. आशासेविकेस या आजारांची ओळख. आईस ताप आला, घरी लग्न निघाले किंवा ती नुसती थकली, तर चार दिवस रोग्यास ठेवून घेणारी एखादी जागा. आणि शुभंकरांची एक बैठक, मग ती एखाद्या शाळेच्या ओसरीवर का भरेना. यांपैकी एकही गोष्ट मोठ्या इमारतीवाचून अडणारी नाही.

अशा सोयींनी घरची माया आटेल, लोक आपली माणसे दुसऱ्यांच्या गळ्यात बांधतील, असा आक्षेप आमच्या मध्यमवर्गात हटकून निघतो. त्याचे उत्तर वेणगावच देते. अपरिचितांनी हात दिला म्हणून तेथील हजारो माणसे आपल्या घरी परत गेली. मदतीने घर तुटले नाही, जोडले गेले. माया आटते ती मदतीने नव्हे. एकाच माणसाने, एकाच खोलीत, वर्षानुवर्षे, कोणी न विचारता ती खर्च केली म्हणजे आटते. विहिरीस झरा असला तरी उन्हाळ्यात तिला रात्रभर पाणी भरू द्यावे लागते, हे कर्जतच्या कोणत्याही वाडीवर ठाऊक आहे.

तेव्हा ‘शुभंकर’ या शब्दाविषयी आमचा अभिप्राय असा: तो ठेवावा, पण त्याचा अर्थ पुरा करावा. ज्याच्या हातून शुभ घडावे अशी आपली इच्छा आहे, त्याच्या पाठीशी शुभ करणारे आणखी कोणी तरी उभे असले पाहिजे. नाही तर हा शब्द सिंधूच्या कपाळीच्या कुंकवासारखा होईल, पाहणाऱ्यास पवित्र आणि जिच्या कपाळी आहे तिला जड. सीनेच्या रूपाने आमच्या कलेने शुभंकरास माणूस केले. आता एखाद्या मराठी लेखकाने त्यापुढचे पाऊल टाकावे. ज्या गोष्टीत थकलेल्या बहिणीने भावास चार दिवस दुसरीकडे ठेवले, ती झोपली, आणि पाचव्या दिवशी त्याला घेऊन घरी आली, अशी एक साधी गोष्ट लिहावी. तीत कोणी मरू नये, कोणी देवी होऊ नये, कोणास शाप लागू नये. ती वाचून वाचकास तसे चार दिवस कर्जतच्या आईसही मागावेसे वाटले, तर साहित्याने आपले काम केले असे आम्ही समजू.